लाल धाग्याचा अडथळा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी वाटेत उभा आहे. रागावू नका, तेच माझं काम आहे. मी एक जुना अडथळा आहे. पुस्तकात तुम्ही मला अडथळ्यांच्या शर्यतीत भेटला असाल, पण मैदानावर लहानथोर सगळे मला हर्डल म्हणतात. माझा रंग उडाला आहे, एका पायाला गंज चढला आहे आणि माझ्या आडव्या फळीच्या टोकाशी, स्क्रूच्या बुडाला, लाल धाग्याचं एक तुटकं टोक अडकलेलं आहे. तो धागा काढायला कुणी हात पुढे केलेला मला मुळीच खपत नाही. त्या धाग्याचीच गोष्ट मला सांगायची आहे, आणि ती सांगायला मी केव्हाचा उतावीळ झालो आहे!

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे लोखंडी कॉट आणि शाळेची बाकं बनत. मला बनवणाऱ्या वेल्डरने माझ्यासारखं काही जन्मात पाहिलं नव्हतं. तो सारखा माझ्याभोवती फिरे आणि डोकं खाजवी.

"हे आहे तरी काय? यावर बसता येत नाही, काही ठेवता येत नाही," तो फळी ठोकणाऱ्या सुताराला म्हणाला.

"हे पाडायसाठी असतं म्हणे," सुतार म्हणाला.

"पाडायचंच आहे तर उभं कशाला करतोय आपण?"

त्याला उत्तर द्यायला मैदानावरचे सर स्वतः आले. काटकुळे, उन्हाने रापलेले, आणि तोंडात कायम शिट्टी. बोलतानासुद्धा ते शिट्टी काढत नसत, नुसती एका गालात सरकवत. सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. त्यांनी माझ्या दोन लांब पायांवर हात ठेवला. ते दोन्ही पाय एकाच बाजूला निघालेले आहेत आणि त्यांच्या आत वजनं सरकवलेली आहेत.

"हे बघा," सर म्हणाले, "पळणारा येणार पायांच्या बाजूनं. त्याचा गुडघा फळीला लागला की यानं पुढे आडवं व्हायचं. हट्ट करायचा नाही. हा नीट पडला नाही तर पळणारा पडेल, कळलं?"

वेल्डरने मला पायांच्या बाजूने ढकललं. मी अलगद पुढे आडवा झालो. मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, तो पलीकडून आला आणि त्याने उलट्या बाजूने मला सणसणीत लाथ घातली. मी तसूभर हललो नाही. माझे दोन्ही पाय पाठीमागे भक्कम रोवलेले होते ना! वेल्डर मात्र अंगठा धरून एका पायावर साऱ्या कारखान्यात नाचला. सुतार हसून हसून खाली बसला. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे याचा फार संबंध येणार आहे.

मैदानावर आलो तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा! काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची कोरी फळी, नवे स्क्रू, तेल दिलेले खांब. माझ्यासारख्याच भावंडांबरोबर मातीच्या धावपट्टीवर मी रांगेत उभा राहिलो. सकाळी मुलं यायची, दुरून धावत यायची आणि आमच्यावरून उडायची. काही उडायची, काही आपटायची. त्यांच्या पावलांचा आवाज जवळ यायला लागला की माझ्या खांबांतून झिणझिण्या जायच्या. ती तक तक तक, मग एक क्षण शांतता, तेवढ्यात डोक्यावरून वाऱ्याचा झोत, आणि पुन्हा तक तक तक! या आवाजासाठी मी जन्मभर उन्हात उभा राहायला तयार आहे.

मग एके दिवशी ती आली.

मैदानाच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, एका शटरचं शिवणाचं दुकान होतं. तिथली शिंपीणबाई खेळाडूंचे गणवेश शिवायची. त्या दिवशी ती कपड्यांचं गाठोडं घेऊन सरांकडे आली होती आणि बरोबर तिची मुलगी होती. मुलगी म्हणजे नुसते पायच पाय. आई सरांशी बोलत होती तोवर या बाईसाहेबांनी पाण्याची टाकी सोडून बाकी सगळ्यावरून उडी मारून घेतली. आधी बाक, मग कचऱ्याचा डबा, मग सरांची सायकल, आणि शेवटी मी! माझ्यावरून ती गेली तेव्हा तिच्या चपला खाली राहिल्या आणि ती पलीकडे होती.

सरांच्या तोंडातून शिट्टी खाली पडली. ती पडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"बाई, ही मुलगी आहे की टोळ?" सर म्हणाले. "उद्यापासून पाठवा हिला."

"अहो, घरात एक कपबशी शाबूत ठेवली नाही हिनं," आई म्हणाली. "उद्या कशाला, आत्ताच ठेवून घ्या."

तेव्हापासून तिचं नाव टोळ पडलं. खरं नाव हजेरी घेणाऱ्यांनाच ठाऊक.

पहिले काही आठवडे मजेत गेले. पण चपला काढून मजेत मारलेली उडी वेगळी आणि वेगात धावत येऊन घेतलेला हर्डल वेगळा. पुढचा पाय सगळ्यांचा सरळ जातो. खरी गंमत मागच्या पायाची. तो बाजूने दुमडून, गुडघा वर उचलून, फळीवरून काढावा लागतो. तिथेच टोळीचं गणित चुकलं. तिचा गुडघा माझ्या फळीवर असा काही आपटला की मी पडलो आणि माझ्यापाठोपाठ तीही पडली. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं सालटं निघालं. दुसऱ्या दिवशी ती धावत आली आणि माझ्यासमोर येऊन गचकन थांबली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तर लांबूनच थांबली. काय सांगू, मला इतकं वाईट वाटलं! लोक मला ओलांडतात, पाडतात, त्याचं मला काही नाही. पण मला बघून कुणी घाबरावं हे मला सोसवत नाही.

हे सगळं तिची आई शिवणयंत्रामागून बघत होती. दुकानाच्या दारातून धावपट्टी सरळ दिसायची. एका सकाळी ती हातात कात्री, सुई आणि बगलेत काहीतरी गुंडाळी घेऊन मैदानात आली आणि थेट माझ्या दोन पायांच्या मध्ये मांडी घालून बसली. तिने गुंडाळी उलगडली. आत कापूस भरलेली लांबट गादी होती, आणि वरून चक्क मखमल! कुणाच्या तरी पडद्यातून उरलेली, गर्द लाल. ती गादी तिने माझ्या फळीवर चढवली आणि लाल धाग्याने पक्के टाके घालून, तिथे बसूनच, अशी शिवली की वादळ आलं तरी सुटू नये.

"आता आपट हवी तेवढी," ती लेकीला म्हणाली.

मित्रांनो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! साऱ्या मैदानात गादीवाला हर्डल मी एकटा. पुढे इतरांनाही गाद्या मिळाल्या म्हणा, पण त्या गणवेशाच्या खाकी कापडाच्या. मखमल फक्त मला. टोळ धावत आली, जरा बिचकली, आणि गेली! गुडघा गादीवर घासला, पण लागलं काहीच नाही. ती पुन्हा आली, पुन्हा गेली. तिची भीती पळाली, पाठोपाठ सरांची काळजी पळाली, आणि वर्षभरात ती इतकी जोरात धावायला लागली की बाकीच्या मुली तिच्या पाठीकडे बघतच शर्यत संपवायच्या.

पहिल्या मोठ्या स्पर्धेला तिला शेजारच्या गावी नेलं. आम्ही मैदानावर वाट बघत राहिलो. संध्याकाळी ती परतली ती लंगडत. दोन्ही डोळे सुजलेले आणि गुडघा त्याहून सुजलेला. ती सगळ्यांत शेवटी आली होती.

"सर, त्यांचे हर्डल उंच होते. आपल्यापेक्षा उंच होते!" ती रडत म्हणाली.

"मी मोजले होते," सर हळूच म्हणाले. "तेवढेच होते."

ती घरी गेल्यावर सर माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या गादीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला, आणि एका जागी त्यांचा हात थांबला. साऱ्या गादीची मखमल मऊ, लवदार होती. फक्त एकाच ठिकाणी ती झिजून खालचा दोरा दिसत होता. टोळीचा गुडघा रोज तिथेच घासत होता. आईने गादी लावली, गुडघ्याला लागणं बंद झालं, आणि गुडघा वर उचलायचं विसरूनच गेला. मऊ गादीवर ते खपून जात होतं. उघड्या फळीवर कोण खपवून घेणार?

सरांनी शिंपीणबाईला बोलावलं आणि ती झिजलेली जागा दाखवली. कापडाची जात ओळखणारी बाई ती, तिला सांगायची गरजच पडली नाही. बराच वेळ ती त्या जागेवर अंगठा फिरवत राहिली.

"मी काढू का?" सरांनी विचारलं.

"नको. मी शिवली, मीच उसवते."

ती पुन्हा माझ्या पायांमध्ये मांडी घालून बसली. ब्लेडने एकेक टाका कापताना तिचं नाक लाल झालं होतं. टोळ तिथे आली आणि काय चाललंय ते बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, काय करतेयस? मला लागेल ना!"

"लागेल," आई म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "लागू दे. मलम मी लावीन, पण आता गादी नाही लावायची."

टोळ दोन दिवस आईशी बोलली नाही. माझ्याशी तर त्याहून जास्त दिवस बोलली नाही. मलाही उघडं उघडं वाटत होतं, ते काही लपवत नाही. पाठोपाठ भावंडांच्या खाकी गाद्याही निघाल्या. पण सगळा धागा निघाला तरी स्क्रूखाली अडकलेलं एक टोक काही निघेना. आईने ओढून पाहिलं, दाताने तोडून पाहिलं, शेवटी कंटाळून राहू दिलं. ते टोक राहिलं माझ्या पायांच्या बाजूला, म्हणजे धावणारी येते त्या बाजूला.

मग सुरू झालं खरं शिक्षण! "गुडघा काखेत! गुडघा काखेत आण!" सर ओरडायचे आणि शिट्टी गालात खुळखुळायची. टोळ आपटायची, उठायची, आईकडून मलम लावून यायची, पुन्हा आपटायची. आणि एक दिवस ती धावत आली, तक तक तक, शांतता, वाऱ्याचा झोत, आणि मला काहीच लागलं नाही! मी वाट बघतोय, आत्ता लागेल, आत्ता लागेल, तोवर ती पुढच्याच्याही पलीकडे पोहोचली होती. सरांनी दोन्ही हात वर केले. रस्त्यापलीकडे शिवणयंत्र थांबल्याचं मला ऐकू आलं. मला नाचता आलं असतं तर मी तेव्हा त्या वेल्डरसारखा एका पायावर नाचलो असतो.

परत येताना टोळ माझ्याजवळ थांबली. तिने दोन बोटांनी तो लाल धागा चिमटीत धरून हलकेच हलवला, आमची भांडाभांडी संपली असं सांगितल्यासारखं. तेव्हापासून तिला सवयच लागली. सरावाआधी माझ्याकडे यायचं, न बघता हात लावायचा, धागा हलवायचा आणि मग आरंभरेषेकडे जायचं.

पुढे ती मोठी झाली. गावोगावच्या, मग लांबलांबच्या मैदानांवर गेली. तिथे रबरी धावपट्ट्या आणि चकचकीत हर्डल. ती पदकं आणायची, आणि आईच्या दुकानात ती शिवणाच्या टेपबरोबर एकाच खिळ्याला लटकायची. मी मात्र मागे राहिलो. शिट्टीसर म्हातारे झाले, मैदानावर धावणाऱ्यांपेक्षा फिरायला येणारे वाढले. माझ्यावर कुणी ओले टॉवेल वाळत घातले, कुणी मला फुटबॉलचा खांब केला. एका पावसाळ्यात तर मला बाहेरच विसरले आणि माझ्या पायाला हा गंज धरला. तरीही गावी आली की टोळ मला शोधून काढायची. टॉवेल बाजूला करून धागा हलवायची.

एका वर्षी ती आली तेव्हा तिने धागा दोनदा हलवला. आई डबा घेऊन आली होती. दोघी माझ्याशेजारच्या बाकावर बसल्या.

"देशाच्या संघात हर्डलसाठी एकीचीच जागा आहे," टोळ म्हणाली. "निवड इथेच, आपल्या मोठ्या मैदानावर आहे. मागच्या वेळी मांडी धरली, त्याच्या आधी थोडक्यात हुकलं. आता वय पण होत चाललं, आई. या वेळी नाही झालं तर संपलं. मी दुकानात बसेन."

"दुकानात बसायला मी आहे," आई म्हणाली. "आणि दुसरी कोण आहे जोरात?"

"घारी."

घारी म्हणजे घाऱ्या डोळ्यांची ती दुसऱ्या शहरातली मुलगी. टोळीपेक्षा लहान, आणि वाऱ्यासारखी पळणारी. दोघी एकमेकींना हरवत आलेल्या. त्यांच्यापैकी एकच जाणार होती.

आणि मित्रांनो, आता कान टवकारा! निवडीच्या दिवशी मोठ्या मैदानावर नवे हर्डल उतरवताना एकाचा खांब मोडला. अंतिम शर्यतीला एक हर्डल कमी! कुणीतरी शिट्टीसरांना फोन केला आणि सरांनी मला टेम्पोत घालून पाठवलं. मला! गंजलेल्याला! पंचांनी मला पुसलं, उंची मोजली, वजनं सरकवली, पायांच्या बाजूने ढकलून पाहिलं. मी झोकात आडवा झालो. "चालेल," पंच म्हणाले. शेवटच्या ओळीत मला उभं केलं, घारीच्या रांगेत. शेजारची रांग टोळीची.

माझी छाती भरून आली होती. भोवती हजारो माणसं, कर्णे, झेंडे. तेवढ्यात एक कॅमेरावाला त्याची जाड वायर ओढत आला. वायर माझ्या पायात अडकली. भला माणूस होता. त्याने मला उचलून बाजूला ठेवलं, वायर पलीकडे नेली आणि मला परत जागेवर आणून ठेवलं. अगदी खुणेवर, रेघ न रेघ जुळवून. एकच गोष्ट त्या बिचाऱ्याला माहीत नव्हती. त्याने मला उलटं ठेवलं होतं.

माझे पाय शर्यत संपते त्या बाजूला होते. आता घारी येणार, तिचा गुडघा लागला तर मी पडणार नाही. वेल्डरच्या लाथेने मी हललो नव्हतो, तिच्या गुडघ्याने काय हलणार? एवढ्या वेगात ती माझ्यावर आदळली तर गुडघा तरी जाईल नाहीतर हनुवटी. आणि मला ओरडता येत नव्हतं! पंच पुन्हा एकदा रांगांवरून नजर टाकून गेले. समोरून बघितलं तर मी सरळच दिसत होतो. काळेपांढरे पट्टे दोन्ही बाजूंना सारखेच आहेत ना!

खेळाडू आरंभरेषेकडे निघाल्या. त्या आमच्या कडेनेच जात होत्या. टोळ सगळ्यांच्या मागे होती. तिची नजर माझ्यावर पडली आणि तिचा सगळा ताण क्षणभर उतरला.

"अरे, तू इथे कुठे?" ती पुटपुटली.

सवयीने तिचा हात पुढे आला. न बघता दोन बोटं स्क्रूपाशी गेली. धागा नव्हता. बोटं पुन्हा चाचपली. नाही. ती थबकली, वाकली, पलीकडून पाहिलं. धागा तिथे होता. मग तिची नजर खाली माझ्या पायांवर गेली.

त्या एका क्षणात तिच्या मनात काय आलं असेल? मला ठाऊक नाही. घारीचा गुडघा शेवटी शेवटी दमून खाली येतो, हे सगळ्या मैदानाला माहीत होतं, तिलाही होतं. जागा एकच होती, हेही होतं. मला एवढंच सांगता येईल की तिने दुसरा श्वास घेतला नाही.

"साहेब! थांबा, हा उलटा आहे!"

"बाई, चला, वेळ झालीये," पंच लगबगीने आले. "तुमची रांग कुठली?"

"ही नाही, शेजारची. पण या रांगेतली आपटेल ना!"

पंचांनी खाली पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी दोन्ही हातांनी मला उचललं, वळवलं, खुणेवर ठेवलं आणि एकदा ढकलून पाहिलं. मी आडवा झालो. त्यांनी मला पुन्हा उभं केलं आणि माझा जीव भांड्यात पडला. टोळीने धागा हलवला आणि धावतच आरंभरेषेकडे गेली. तिथे घारी उड्या मारून अंग मोकळं करत होती. तिला यातलं काहीच कळलं नव्हतं.

सगळं मैदान एकाएकी गप्प झालं. मग बंदूक!

मी शेवटच्या ओळीत, म्हणून मला आधी फक्त आवाज आला. लांबून, एकदम, पुष्कळ पावलांचा. तक तक तक! तक तक तक! मग त्या दिसायला लागल्या. एक फळी वाजली, कुणीतरी अडखळलं, मागे पडलं. दोघी मात्र एका ओळीत. मधे घारी बोटभर पुढे, मग टोळ, मग पुन्हा घारी! लोक बाकांवर उभे राहिले. धावपट्टी माझ्या पायांखाली थरथरत होती. जवळ आल्या, आणखी जवळ, घारीचे डोळे माझ्या फळीवर खिळलेले, ती अजून बोटभर पुढेच होती, तिने पाय टाकला, पुढचा पाय गेला, आणि मागचा गुडघा, खाड!

मी पडलो. मित्रांनो, काय पडलो! ना अडलो, ना वाकडा झालो. तिच्या गुडघ्याने सांगितलं आणि मी पुढे सपशेल आडवा. उभ्या जन्मात मी इतका सुंदर पडलो नव्हतो. घारी हेलपाटली, पण तिचे पाय सुटले नाहीत, ती धावतच राहिली. आणि जमिनीवर आडवा पडल्या पडल्या मी शेजारी पाहिलं. टोळीचा गुडघा तिच्या फळीवरून काखेजवळून गेला. मधे हात घालता आला असता एवढी जागा होती. तिच्या फळीला वारासुद्धा नीट लागला नसेल.

दोघींनी एकदमच छाती पुढे टाकली.

निकाल लागेना. पडद्यावर चित्र येईना. सगळे मान वर करून बघताहेत, आणि मी खाली पडलेला, मला दिसतायत ते नुसते बूट! मग एकाएकी एवढा गलका झाला की माझी फळी झणझणली. आणि त्या गलक्यातून, कठड्यावरून, कुणाचंही न ऐकता, एक बाई साडी सावरत धावपट्टीवर आली. टोळ तिच्याकडे झेपावली. पण आईने आधी काय केलं सांगू? ती खाली वाकली आणि लेकीचा गुडघा बघितला.

"लागलं नाही ना?"

"टेकलंच नाही, आई! एकदाही टेकलं नाही!"

मग त्या दोघी जमिनीवर बसून रडल्या. निवड टोळीची झाली होती, केसाएवढ्या फरकाने.

थोड्या वेळाने घारी माझ्यापाशी आली. पंचांनी तिला सगळं सांगितलं होतं. गुडघ्यावर नुसता लालसर डाग होता. तिने मला उभं केलं, माझे पाय कुठल्या बाजूला आहेत ते दोनदा बघितलं आणि टोळीकडे वळली.

"तू बोलली नसतीस तर मी आत्ता इथे दात गोळा करत बसले असते," ती म्हणाली.

"ए, असं काही बोलू नकोस," टोळ म्हणाली. "आणि गुडघा वर घे जरा. पुढच्या वेळी माझी जागा तुझीच आहे."

पुढच्या वेळी खरंच घारी गेली. टोळ तोवर आमच्या जुन्या मैदानावर परत आली होती. शिट्टीसरांनी स्वतःच्या हाताने शिट्टी तिच्या गळ्यात घातली. आता ती "गुडघा काखेत!" म्हणून ओरडते आणि मी पुन्हा रांगेत सगळ्यांत पुढे उभा असतो. मला नवा रंग द्यायचं ठरलं होतं. टोळ म्हणाली, द्या, पण स्क्रूला हात लावायचा नाही.

मित्रांनो, तुमच्या मैदानावर माझी भावंडं असतील. त्यांना पावसात टाकू नका, त्यांच्यावर टॉवेल वाळत घालू नका. आणि उभं करताना आधी खाली वाकून पाय बघा. पाय नेहमी धावणाऱ्याकडे हवेत. आम्हाला उभं राहायला कुणीही शिकवतं, पण आम्हाला नीट पडता यावं ही काळजी तुम्ही घ्यायची आहे. मी जन्मभर ताठ उभा राहिलो, त्याबद्दल मला कुणी शाबासकी दिली नाही. एकदा बरोबर पडलो, आणि अजून लोक मला बघायला येतात!

आज सकाळी एक अगदी चिमुरडी मैदानात आली. धावत आली आणि माझ्यासमोर गचकन थांबली. पुन्हा आली, पुन्हा थांबली. टोळीने रस्त्यापलीकडे पाहिलं. म्हातारी शिंपीणबाई चष्मा सावरत, बगलेत लाल गुंडाळी घेऊन आली आणि कण्हत कण्हत माझ्या दोन पायांमध्ये मांडी घालून बसली.

"आई, परत गादी?" टोळ म्हणाली.

"असू दे. भीती जाईपर्यंत हवीच," आई म्हणाली. "आणि या वेळी नुसते कच्चे टाके घालतेय. ओढलं की निघतील."

तिने सुई ओवली, टाके घातले आणि धाग्याचं टोक मुद्दाम लांब सोडलं, हाताला सहज सापडेल असं. आता ती बाजूला झाली आहे. चिमुरडी लांब जाऊन उभी राहिली आहे. तिने नाक पुसलं. टोळीची शिट्टी वाजली. तक तक तक! ऐकलंत? ती येतेय!